गेट उघडेपर्यंत

निवृत्त होऊन दोन दिवाळ्या झाल्या, तरी पहाटे जाग आली की माझा हात आधी गळ्याकडे जातो. शिट्टी तिथे नसते. मग आठवतं, की आता कुणाला पळवायचं नाही, आणि मी कूस बदलून पडून राहते. आमचे हे म्हणतात, "इतकी वर्षं गावाला पळवलंस, आता मला तरी निवांत बसू दे."

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर होते. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मैदानावर पाणी मारून घेणं, चुना आखणं, मुलींच्या घोट्यांना पट्ट्या बांधणं, स्पर्धेच्या गावी निजायला बरा वर्ग आणि न तुंबलेलं बाथरूम मिळवणं, हे सगळं त्या नावात येतं. स्टाफरूममध्ये आम्हाला 'शिट्टी डिपार्टमेंट' म्हणत. पोरी ढाल घेऊन आल्या की मात्र फोटोला सगळी स्टाफरूम पुढच्या रांगेत.

सर्वांत अवघड काम म्हणजे आईवडिलांची समजूत काढणं. भवानी पेठेतली एक विड्या वळणारी आई मला आठवते. लेकीला खो-खोला पाठवायचं की नाही हे ठरवायला ती स्वतः मैदानावर आली होती. तिने विचारलं, "मॅडम, ह्या खेळात बसायचं किती असतंय आणि पळायचं किती?" मी सांगितलं, निम्मा वेळ बसायचं. "मग बसायचंच हाय तर घरी बसू दे की. तेवढ्यात विड्या तरी होतील." मी तिला हाताला धरून मैदानात बसायच्या पाटीवर नेलं आणि उकिडवं बसवलं, एक पाय पुढे, हात जमिनीला, झेप घ्यायच्या बेतात. थोड्या वेळाने ती गुडघे धरत उठली आणि म्हणाली, "ह्यापेक्षा विड्या बऱ्या." पण दुसऱ्या दिवसापासून मुलगी रोज हजर होती.

ज्यांचा खो-खो शाळेतच सुटला, त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका संघाच्या आठ जणी दोन खांबांच्या मध्ये ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या मुली तिघीतिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, मग तिसरी. आता गंमत अशी, की पहिली तुकडी झकास पळाली तर तेवढ्यात वेळ संपतो आणि तिसऱ्या तुकडीला मैदानात पाऊलही टाकायला मिळत नाही. विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक कोण किती वेळ पळालं ते बघतात. जी पळालीच नाही तिला कोण बघणार?

कोमल आमच्या संघाच्या तिसऱ्या तुकडीत होती. सामन्यामागून सामने झाले तरी तिसऱ्याच तुकडीत.

ती श्रीपूरची. वडील कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. लांब पायांची, काळीसावळी, बोलायला अघळपघळ. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळतात त्याला आम्ही साखळी म्हणतो. कोमल साखळी पळायला लागली की पाठलाग करणारी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी एकदा विचारलं, एवढा दम आणलास कुठून? तर म्हणाली, "उसाच्या ट्रॉलीमागं पळून, मॅडम. कांडं वढायला."

तिचा प्रशिक्षक मल्लिनाथ. कॉलेजने मानधनावर नेमलेला, पण त्याआधी माझाच विद्यार्थी. अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. चारचौघांत मला मॅडम म्हणायचा आणि मनातून हलला की अक्का. सोलापुरात त्याचा स्वतःचा क्लब होता, त्यामुळे आमच्या संघात निम्म्या मुली त्याने लहानपणापासून घडवलेल्या क्लबच्या आणि निम्म्या होस्टेलवर राहणाऱ्या खेड्यातल्या. खेळातलं त्याला फार कळायचं, माणसांशी बोलण्यातलं जवळपास काहीच नाही. त्याच्या तोंडून 'बरं पळालीस' एवढं निघालं तरी पोरी आठवडाभर हवेत असत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. मोबाईल वाजला, मग वाजतच राहिला. सगळ्यांनी एकच व्हिडिओ पाठवला होता. होस्टेलच्या मागे, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभी राहून कोमल बोलत होती.

"मी सरांवर राग म्हणून बोलत न्हाय. पण आमी होस्टेलच्या पोरी काय फकस्त बसायलाच आलोय का? पळायला क्लबच्या पोरी, बसायला आमी. सर म्हणतात, तुमा कारखान्याकडच्या पोरींना दम हाय, डोकं न्हाय. सकाळी उशीर झाला म्हणून रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. रोज. उशीर का होतो ते एकदा तरी इचारा की. मला पळायला येतंय का न्हाय, ते मैदानात उतरवून तर बघा. न्हाय आलं तर मी गप घरी जाते."

एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. पण ज्यांनी कधी खो-खोचा खांब पाहिला नव्हता अशा लोकांनीसुद्धा खाली मल्लिनाथला नाही नाही ते लिहिलं, आणि तितक्याच लोकांनी कोमलला. एका पेपरवाल्याने मला फोन केला. मी त्याला मेथीच्या जुडीचा भाव सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये निर्णय जवळजवळ तयारच होता. कोमलने माफीचा व्हिडिओ टाकावा, नाहीतर संघातून नाव कमी आणि होस्टेलची खोली रिकामी. खोली गेली की कॉलेज गेलं, कारण श्रीपूरहून रोज येणं-जाणं तिला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, आधी तिचं ऐकून तरी घ्या. मग रिवाजाप्रमाणे समिती झाली. उपप्राचार्य, होस्टेलच्या रेक्टर बाई आणि मी.

कोमल आली ती वडिलांबरोबर. तात्यांच्या हातात रिकामी पिशवी होती. लेकीचे कपडे भरून न्यायच्या तयारीनेच ते आले होते. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"साहेब, पोरीनं मोबाईलवर कायबाय बोललंय म्हणं," ते म्हणाले. "आमाला भांडान नको. घरला नेतो तिला."

"तात्या, मी येत न्हाय," कोमल म्हणाली.

उपप्राचार्यांनी चष्मा पुसला. "जगाला सांगण्याआधी आमच्याकडे यायला हवं होतंस ना, बाळ?"

"आलोवतो की सर. आमी चौघी आलोवतो. तुमी म्हणालात, तुमच्या सरांशी बोला. सरांशी बोलायला गेलो तर सर म्हणाले, पळ."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. पण मल्लिनाथ दाराशी मान खाली घालून उभा होता, त्याच्याकडे बघून हसू जिरलं. मी कोमलला उशिराचं विचारलं. ती म्हणाली, सराव साडेपाचला सुरू होतो आणि होस्टेलचं गेट सहाला उघडतं. रेक्टर बाई लगेच म्हणाल्या, असं काही नाही, वॉचमनला सांगितलं की तो उघडतो. मल्लिनाथ म्हणाला, मला हे कुणी सांगितलंच नाही. कोमल शांतपणे म्हणाली, "सांगितलंवतं सर. तुमी म्हणालात, कारणं नकोत."

कुणाचं खरं धरायचं? समितीत बसलं की माणूस कागदाकडे बघायला लागतो. मी आयुष्यभर मैदानाकडे बघितलेलं. मी म्हटलं, एक दिवस थांबा. तात्यांना म्हटलं, आजची रात्र कुठंतरी मुक्काम करा, पिशवी उद्या भरायची की नाही ते ठरवू. आणि मल्लिनाथला सांगितलं, उद्या पहाटे गाडी घेऊन माझ्या घरी ये, कुठे जायचं ते विचारू नकोस.

तो माकडटोपी घालून आला. मी त्याला मैदानाकडे न नेता होस्टेलच्या गल्लीत वळायला सांगितलं. गाडी जरा अलीकडेच बंद केली आणि आम्ही चालत गेटाशी गेलो.

गेटाला कुलूप होतं. वॉचमन आप्पा शाल गुंडाळून स्टुलावर बसले होते. आणि आत, दिव्याच्या उजेडात, संघातल्या होस्टेलच्या सगळ्या पोरी तयार होऊन बसल्या होत्या. घोट्याला पट्ट्या बांधलेल्या, केस घट्ट विंचरलेले, बूट घातलेले. त्या कशा बसल्या होत्या ते मी अजून विसरले नाही. ओळीने उकिडव्या बसल्या होत्या, एकीचं तोंड गेटाकडे, दुसरीचं भिंतीकडे, परत गेटाकडे. कुणी तसं बसायला सांगितलं नव्हतं. सवयच ती. दोघीतिघी तशाच बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. कोमल शेवटी होती, भिंतीच्या बाजूला. तिने आम्हाला पाहिलं आणि समोर बघत राहिली.

"आप्पा, उघडा की," मी म्हटलं.

"सहाशिवाय हुकूम न्हाय, मॅडम," आप्पा म्हणाले. "पोरी रोज मागतात. मी तरी काय करू? चावी हाय, हुकूम न्हाय."

होस्टेलपासून माझं घर हाकेच्या अंतरावर. मी रोज त्याच वेळी दुसऱ्या रस्त्याने मैदानावर जात होते. असो.

मल्लिनाथ गजांना धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "अक्का, ह्या रोज असंच बसतात?"

"तिला विचार. मला काय विचारतोस?"

पण त्याने विचारलं नाही. तो तिथेच, गेटाच्या बाहेर, धुळीत खाली बसला. मीही कठड्यावर टेकले. गेट उघडेपर्यंत आम्ही तसेच होतो. बसल्या बसल्या मी त्याला दबक्या आवाजात विचारलं, बाकीचं राहू दे, पण हिला कायम शेवटच्या तुकडीत का ठेवतोस?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "अक्का, शेवटी भरवशाचंच माणूस ठेवायचं असतंय की. सगळ्या पडल्या तरी ही उभी राहील. मला तुमीच शेवटच्या तुकडीत ठेवत होता. किती जण होते, पण तुमी मलाच ठेवलं. मी काय विसरलो का ते?"

आता हे सांगू की नको, याचा मी हा लेख लिहिताना पुष्कळ विचार केला. मल्लिनाथला मी शेवटच्या तुकडीत ठेवत होते, कारण त्या वर्षीच्या संघात सर्वांत कमी पळणारा तोच होता. त्याची बैठक उत्तम होती, खांबावरचा सूर उत्तम होता, पण पळायला उतरला की पाय गुंतायचे. त्याची पाळी येऊच नये अशी मी देवाला प्रार्थना करायचे. आणि त्या पोराने तो विश्वास समजून जन्मभर उराशी धरला, आणि स्वतःच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला तोच मान दिला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

त्या पहाटे मी त्याला एवढंच म्हटलं, "तुला न सांगता कळलं, मल्लिनाथ. तिला नाही कळलं. तिला वाटतं, तू तिला लपवून ठेवतोस." हा अंक त्याच्या हाती पडला तर तो येईल माझ्याकडे. आला तर चहा करीन. दुसरं काय करणार?

सहाला आप्पांनी कुलूप काढलं. पोरी उठल्या, पायातल्या मुंग्या झाडल्या आणि मैदानाकडे पळत सुटल्या. आम्ही गाडीवरून पोचलो तोवर त्या नेहमीप्रमाणे कुणी न सांगता फेऱ्यांना लागल्या होत्या. क्लबच्या मुली खांबाजवळ सराव करत होत्या. मल्लिनाथने टोपी काढली, शिट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः होस्टेलच्या पोरींच्या मागे पळायला लागला. त्याचा डावा गुडघा कधीचाच गेलेला. लंगडत, धापा टाकत तो पळत होता. एक पोरगी म्हणाली, "सर, तुमी कशाला?" तर म्हणाला, "मलाबी आज उशीर झालाय."

क्लबच्या मुली सराव थांबवून बघत राहिल्या. त्यांची कप्तान निलोफर, शाळेत असल्यापासून मल्लिनाथच्या हाताखाली तयार झालेली. ती सगळ्यांत आधी धावत गेली आणि त्याच्या शेजारून पळायला लागली. मग बाकीच्याही गेल्या. कोमल मात्र पुढे होती, ती मागे वळून बघायला तयार नव्हती. दुसऱ्या फेरीला तिने वेग कमी केला आणि सरांना गाठू दिलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "डोकं न्हाय म्हणालो ते चुकलं माझं."

प्राचार्यांकडे मी एकटीच गेले. म्हटलं, माफीचा व्हिडिओ करायचाच असेल तर आधी गेटाचा करू, पहाटेचा, मी स्वतः मोबाईल धरते. प्राचार्य शहाणे होते. खोली राहिली. रेक्टर बाईंनी चावीचा हुकूम दिला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. तात्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात ठेवली आणि लेकीला म्हणाले, "त्यो व्हिडिओ तेवढा काढून टाक की."

"का म्हणून? खोटं काय हाय त्यात?"

तो तिने काढला नाही. मल्लिनाथनेही कधी काढ म्हटलं नाही.

संघ मात्र लगेच सांधला गेला नाही. 'क्लबच्या पोरी' हा शब्द निलोफरला फार लागला होता. तिची काय चूक होती? ती चांगली पळायची म्हणून पळत होती. दोघी एकमेकींना खो द्यायच्या, पण पाणी द्यायच्या नाहीत. खंडेनवमीला आमच्याकडे खेळाच्या सामानाची पूजा असते. खो-खोचे खांब उपटून, धुऊन, पुसून, तेल लावून ठेवतात, त्यांना हळदकुंकू वाहतात. वर्षभर आम्ही त्या खांबावर छाती आपटून घेतो, त्याला एक दिवस तरी आंघोळ नको का? त्या दिवशी कोमल लांब, चुन्याच्या पोत्यांपाशी उगाच काहीतरी आवरत उभी होती. निलोफरने खांब आडवा धरला आणि ओरडली, "पानी कौन डालेंगा? मैं अकेलीच क्या?" कोमल आली आणि पाणी घालायला लागली. अर्धा खांब धुऊन झाला. मग निलोफर म्हणाली, "मेरेकू बोलती तो मैंच सरकू बोलती थी ना." कोमल म्हणाली, "तू बी कवा इचारलंस?" भांडण तेवढ्यावर मिटलं आणि उरलेलं पाणी एकमेकींच्या अंगावर गेलं.

आता खरी परीक्षा होती ती स्पर्धेत. आमच्याच मैदानावर कॉलेजांचे सामने होते आणि निवड करणारे लोक हजर होते. मल्लिनाथने कोमलचं नाव पहिल्या तुकडीत, निलोफरच्या बरोबरीने लिहिलं. उपप्राचार्य कधी नव्हे ते सामना बघायला आले होते. व्हिडिओतली मुलगी ती हीच का, असं लोक बोटं दाखवून विचारत होते.

कोमल उतरली आणि उतरल्या उतरल्या बाद झाली.

पहिल्या तुकडीचं पळणं वेगळंच असतं. समोरच्या नऊ जणी ताज्या दमाच्या असतात, आणि सगळं मैदान तुमच्याकडे बघत असतं. शेवटी उतरायची सवय झालेल्या पोरीला ते कोण शिकवणार? ती उगाच खांबाकडे गेली, वळताना घसरली आणि पाठीवर हात पडला. येऊन माझ्या शेजारी बसली आणि तोंडावर टॉवेल घेतला. मागून उपप्राचार्यांचा आवाज आला, "एवढा गाजावाजा केला, तो ह्यासाठी?" कोमलने तो ऐकला. मला कळलं, कारण टॉवेलाखाली तिचा श्वास थांबला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. व्हिडिओत ती म्हणाली होती, नाही आलं तर मी गप घरी जाते. ती तेच आठवत असणार, आणि मीही.

सामना निलोफरने ओढून काढला. पोरी नाचत होत्या, कोमल बुटांच्या नाड्या सोडत होती. मल्लिनाथ आला आणि दुसऱ्या दिवसाची नावं वाचायला लागला. पहिलं नाव निलोफरचं. दुसरं कोमलचं.

ती उठून उभी राहिली. "सर, उद्या मला पहिल्यांदा नको."

"का?"

"आज बघितलं की समद्यांनी."

"मी एका दिवसाचं बघत नसतो," मल्लिनाथ म्हणाला. "निलोफर पहिल्या वर्षी किती वेळा अशी बाद झाली, तिलाच विचार. तिला मी परत परत उतरवलं. तुला उतरवलं नव्हतं, एवढाच फरक. उद्या पहिल्या तुकडीत. परवाबी." आणि तो खांब तपासायला निघून गेला. पोरींसमोर त्याचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. कोमल तेव्हा रडली. व्हिडिओत नाही, समितीपुढे नाही, बाद झाल्यावरही नाही, ती तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवशी ती पळाली, आणि चांगली पळाली. त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. फोटोत मी नाही, उपप्राचार्य आहेत.

मध्यंतरी तिचा फोन आला. नातेपुत्याकडच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका म्हणून लागली आहे. शाळेला मुलींचं वसतिगृह आहे. मी विचारलं, "मैदान बरं आहे का? खांब आहेत का?"

"मैदानात खडं हायत, मॅडम. खांब अजून न्हाईत."

"मग पहिल्या दिवशी केलंस तरी काय?"

"गेटाची चावी मागून घेतली," कोमल म्हणाली.